मध्यंतरानंतरचा सिनेमा

"नाही ताई, जुना तसा संपत नाही," भाविका म्हणाली. टोपीखाली केस कोंबत ती आरशाकडे तोंड करून उभी होती, आणि तिने हे अगदी सहज म्हटलं, तीनची बस गेली हे सांगावं तसं. कपडे बदलायच्या त्या अरुंद खोलीत सातआठ मुली होत्या. सगळ्या पंचविशीच्या आतल्या. गेल्या शुक्रवारी 'बाहेरची कडी' नव्याने काढून जळगावात लागला होता, आणि आठवडाभर लॅबमध्ये तोच विषय चालला होता. नवा जमलाय की फसलाय, जुन्याची सर आहे की नाही. जुना खरं तर त्यांच्यापैकी कुणीच टॉकीजमध्ये पाहिलेला नव्हता. मग कुणाला तरी आठवलं की मोहिनीताई पन्नाशीच्या आहेत, आणि मोहिनी म्हणून गेली की हो, मी पाहिलाय, धुळ्याला, शहाऐंशी साली, अकरा वर्षांची होते. मुली भोवती गोळा झाल्या. मोहिनी एरवी कामापुरतं बोलायची. पण त्या दिवशी तिने सगळी गोष्ट सांगितली. माडीवरची खोली, दाराला बाहेरून कडी, भर दुपारी आतून येणारी ठकठक, नव्याने लग्न होऊन आलेली धाकटी सून, आणि अगदी शेवटही सांगितला. आपला आवाज इतका वेळ सलग ऐकून तिचं तिलाच नवल वाटलं. आणि तेवढ्यात भाविकाचं ते वाक्य आलं. "मी परवाच मोबाईलवर पाहिला ना. शेवट वेगळाय. तुमची काहीतरी गल्लत होतेय."

"असेल," मोहिनी म्हणाली. "अडतीस वर्षं झाली."

पण गल्लत होत नव्हती. आपल्याला काय आठवतं आणि काय नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. मास्क चढवून ती आत गेली, आपल्या काचेच्या कपाटासमोर बसली. केळीची रोपं बाटलीत वाढवायची ही लॅब. आतून सारखी हवा अंगावर येणार, हात स्पिरिटने पुसायचे, चिमट्याने बाटलीतला कोंब काढायचा, ब्लेडने त्याचे तुकडे करायचे, एकेक तुकडा जेलीवर टोचून नवी बाटली बंद करायची. एका कोंबाचे चार, चाराचे सोळा. बावीस वर्षं ती हे करत होती आणि आता तिच्या हाताखाली वीस मुली होत्या. आत बोलायचं नसतं. पूर्वी तिला याचं बरं वाटायचं. त्या दिवशी मात्र ते चार तास अंगावर आले, कारण डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तिने जुना सिनेमा पाहिला होता हे खरं होतं, पण पाहिला होता तो मध्यंतरापर्यंत. पुढचा तिला अक्काने सांगितला होता.

आग्रा रोडवरचं ते टॉकीज. तीनचा खेळ, मे महिना. अक्काने, म्हणजे मोठ्या बहिणीने, सरिताने, मायकडे परवानगी मागितली होती आणि माय म्हणाली होती की जायचं तर मोहिनीला घेऊन जा. अक्का एकोणीस वर्षांची होती. तिने त्या दिवशी आकाशी साडी नेसली होती आणि गजरा माळला होता, आणि गजऱ्याच्या त्या वासात मोहिनीने तासभर पडद्याकडे बोटांच्या फटीतून पाहिलं होतं. मध्यंतराच्या आधी धाकटी माडीवर चढते. एकेक पायरी. ठकठक थांबते. ती कडीवर हात ठेवते. तिथेच दिवे लागले, आणि मोहिनी उठून पळत सुटली ती थेट बाहेर उन्हात. मागून कुणीतरी आलं. कोण ते तिने पाहिलंच नाही, ती खाली मान घालून रडत होती. त्या माणसाने तिचं मनगट धरलं आणि फाटकाजवळ फुटाणे विकणाऱ्या मंदाबाईपाशी तिला नेऊन बसवलं. "बस इथंच. सुटल्यावर ताई येईल," तो म्हणाला. तिच्या लेखी तो डोअरकीपर होता. चेहरा आठवत नव्हता, पण त्याच्या हाताला राळेचा वास होता, जळकट आणि गोडसर. मंदाबाईने पुडी दिली. मोहिनी भिंतीला टेकून बसली तर भिंतीतून आवाज येत होता. शब्द नाहीत, संगीत नाही, नुसती ठकठक. उन्हाने तापलेल्या भिंतीतून ती पाठीत उतरत होती. सिनेमाचा सगळा उत्तरार्ध तिने पाठीने ऐकला.

घरी जाताना पांझरेच्या पुलावर ती थांबली आणि पुढे पाऊल टाकेना. खाली नदी आटून नुसती वाळू पडलेली. तिला वाटत होतं की घरी जिन्याची खोली आहे, तिला कडी आहे. अक्काने ओढून पाहिलं, रागावून पाहिलं, मग कठड्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "शेवट ऐकायचाय का? भिण्यासारखा नाहीये काही." आणि तिने सांगितलं. धाकटी कडी काढते. आत भूतबीत काही नसतं. एक बाई बसलेली असते, जिवंत, वाळून गेलेली. ती पाणी मागते. धाकटी तांब्याभर पाणी आणून देते. बाई ते घटाघटा पिते. तेवढ्यात अंगणात घंटी वाजते. तिचा माणूस आलेला असतो, इतके दिवस तिला शोधत असलेला. तो तिला सायकलच्या दांडीवर बसवतो आणि घेऊन जातो. घरातली सगळी माणसं दारात उभी राहून बघतात, कुणाची अडवायची छाती होत नाही. "सायकलवर?" मोहिनीने विचारलं होतं. "भुताच्या सिनेमात सायकल?" "हो, सायकलच," अक्का म्हणाली, आणि हसली. मोहिनीने तिला तशी हसताना नंतर कधी पाहिलं नाही. त्या रात्री मोहिनी गाढ झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी शिलाईच्या मशीनवर बसलेल्या मायला तिने सगळा सिनेमा सांगितला, आपण पळून आलो हे सोडून. शेवटी सायकल आली तेव्हा मशीनच्या पायट्यावरचा मायचा पाय थांबला. "मंग काय व्हयनं?" मायने विचारलं. "मग संपला," मोहिनी म्हणाली. मायने पुन्हा मशीन चालू केलं. मायला गोष्ट आवडली, असंच मोहिनीला वाटलं होतं.

त्या शेवटावर आपलं किती काय उभं आहे हे मोहिनीने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं माणूसही नव्हतं. लग्न ठरता ठरता राहिलं, मग ठरवणारेच राहिले नाहीत. धुळ्याचं घर सोडून ती मायला घेऊन जळगावला आली, मेहरूण तलावाच्या बाजूला पहिल्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. माय सत्तरीनंतर विसरायला लागली. आधी मीठ, मग माणसं, मग रस्ते. दोनदा तलावाच्या काठावरून लोकांनी तिला आणून सोडलं. दुसऱ्या वेळी पदर ओला होता. खालच्या लताबाई म्हणाल्या, "बाहेरून कडी घालून जात जा मोहिनी, दुसरा इलाज नाही." खरंच नव्हता. पगारावर बाई ठेवून पाहिली, ती दहा दिवसांत गेली. मग एक वर्ष चार महिने मोहिनीने रोज सकाळी पावणेनऊला बाहेरून कडी घातली आणि संध्याकाळी साडेसहाला काढली. जेवण झाकून ठेवलेलं असायचं, माठ भरलेला असायचा. तरी कडी काढल्या काढल्या ती आधी तांब्याभर पाणी आणून मायच्या हातात द्यायची. माय ते घटाघटा प्यायची, आणि मोहिनीच्या मनातलं काहीतरी जाग्यावर बसायचं. कडी घालण्यात वाईट काही नाही, शेवटी कुणीतरी ती काढतं, पाणी देतं. गोष्ट अशीच संपते. हे तिने शब्दांत कधी मांडलं नाही. पण कडी सरकवताना हाताला जे बळ लागायचं ते त्या पुलावरून आलेलं होतं.

आणि दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या अखेरीस एका संध्याकाळी तिने कडी काढली तर दार उघडेना. आतून काहीतरी जड टेकलेलं होतं. तिने खांद्याने हळूहळू रेटलं. माय दाराला पाठ लावून बसली होती. अंग गार होतं. मोहिनीने आधी तिला उचलून खाटेवर नेऊन निजवलं, पाय सरळ केले, केसांवरून हात फिरवला, मग खाली जाऊन लताबाईंना हाक मारली. झोपेतच गेली, असं तिने सगळ्यांना सांगितलं. अक्कालाही. अक्काने त्या दिवशी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. दहावं-तेरावं झालं आणि ती परत गेली. त्यानंतर फोन दिवाळीला आणि संक्रांतीला, दोन-दोन मिनिटांचे. लताबाईही जिन्यात भेटल्या की भाजीच्या पिशवीकडे बघत वर-खाली करायच्या.

रविवारी सकाळी मोहिनी तलावावर गेली. घरात तो सिनेमा लावायची तिला हिंमत नव्हती. फिरायला आलेल्या लोकांच्या गजबजाटात, बाकावर, कानात वायर घालून तिने मोबाईलवर जुना 'बाहेरची कडी' शोधला आणि मध्यंतरापासून लावला. धाकटी कडी काढते. खोली रिकामी असते. दाराच्या आतल्या बाजूला नखांचे ओरखडे. ते पाहायला ती दोन पावलं आत जाते, आणि मागे कडी पडते. कुणी लावली ते दाखवतच नाहीत. पुढची दहा मिनिटं पडद्यावर नुसतं ते दार, बाहेरून. दारावरचं ऊन सरकतं. ठकठक आधी जोरात येते, मग थांबून थांबून, मग कधीतरी एकदाच. खाली वाजंत्री ऐकू येते. घरात आणखी एक नवी सून आलेली असते. उंबरा ओलांडताना ती वर बघते. तिथे संपतं. मोहिनीने वायर काढली तरी तो आवाज कानात होता. एक म्हातारे गृहस्थ थांबून म्हणाले, "बाई, बरं वाटत नाही का?" तिने मान हलवली. अडतीस वर्षांपूर्वी भिंतीतून पाठीत उतरली ती हीच ठकठक होती. मग अक्काने त्यातून सायकल कुठून काढली? नीज यावी म्हणून धाकट्या बहिणीला खोटं सांगितलं, हे तर लगेच पटण्यासारखं होतं. पण तेवढ्याने भागत नव्हतं. खोट्यावर आपण वर्षभर कडी घातली, असा त्याचा अर्थ निघत होता.

त्याच दुपारी तिने नवा पाहिला. मॉलमधलं थंडगार सभागृह, वीसएक माणसं, मक्याच्या लाह्यांचा गोड वास. नव्यात वाड्याच्या जागी पुण्याबाहेरचा बंगला होता, प्रत्येक खोलीत कॅमेरे होते आणि भूत पहिल्या वीस मिनिटांतच दिसत होतं. मग दिसतच राहिलं. ते आलं की आवाज फुटायचा, पोरं दचकायची आणि दचकल्याबद्दल हसायची. मोहिनीला कंटाळा आला. पण अखेरीला धाकटी आत अडकते आणि तिथून सिनेमा एकदम गप्प होतो. ती ठोठावत नाही. आतला पाटा उचलते आणि दार फोडायला लागते. खूप वेळ फोडते. मग बाहेर येते, जिना उतरते, अंगणातून निघते आणि डांबरी रस्त्याने चालायला लागते. ऐन दुपार. ना संगीत, ना भूत. ती चालते आहे आणि कॅमेरा तिच्या मागे चालतो आहे, तीनचार मिनिटं. प्रेक्षक वाट बघत होते की आता मागून हात येईल. हात आला नाही. दिवे लागले. "झालं? एवढंच?" मागून कुणीतरी म्हणालं. मोहिनीलाही तो शेवट पटला नाही. त्या लांबलचक रस्त्यावर ती शेवटपर्यंत सायकल शोधत राहिली होती. सोमवारी भाविकाने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "फसलाय." "बघा, मी म्हटलं होतं ना. सगळीकडे दोनच स्टार दिलेत," भाविका म्हणाली आणि समाधानाने मास्क चढवला.

पुढच्या रविवारी मोहिनीने धुळ्याची बस धरली. फोन केला नाही. केला असता तर अक्काने काय काम आहे म्हणून विचारलं असतं, आणि काम सांगण्यासारखं नव्हतं. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीच्या काळ्या काड्या उभ्या होत्या. अक्का धुळ्यात देवपुरातच राहायची, पण माहेरच्या जुन्या घरापासून बरीच लांब, नव्या कॉलनीत. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा हेमराज सुरतेला. दार उघडून तिने मोहिनीला नखशिखान्त पाहिलं.

"काय गं? कुणाचं काही झालं का?"

"नाही. सहज आले."

"सहज," अक्का म्हणाली आणि बाजूला झाली. तिने भाकरी टाकली, शेवभाजी केली, आणि दोघी समोरासमोर बसून फारसं न बोलता जेवल्या. घर लख्ख होतं. दुसऱ्या खोलीतल्या पलंगावर चादर अशी ताणलेली होती की तिथे महिनोन्‌महिने कुणी बसलंच नसावं. अक्का भांडी घासत पाठमोरी असतानाच मोहिनीने विचारलं, "अक्का, तुला तो सिनेमा आठवतो? बाहेरची कडी?"

भांड्यांचा आवाज थांबला नाही. "का?"

"तू मला पुलावर शेवट सांगितला होतास. सायकलचा. तसा तो नाहीये."

"नाहीये ना," अक्का म्हणाली. तिने ताट विसळून पालथं घातलं, हात पुसले आणि खाली बसली. "मी कुठे पाहिला होता? मी पडद्याकडे पाहिलंच नाही. मी लीलाधरशी बोलत होते."

मोहिनीला नाव ओळखीचं वाटेना. अक्काने सांगितलं तेव्हा उलगडलं. बसस्टँडजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे कामाला होता. मायचा रेडिओ नीट करायला सायकलवरून घरी आला होता, तेव्हापासूनचं. "तू रडत पळालीस तेव्हा तोच आला तुझ्यामागे. मंदाबाईजवळ बसवून आला." राळेचा तो जळकट गोड वास मोहिनीच्या नाकात एकदम भरला. रेडिओच्या तारा डाग देऊन जोडताना राळ वापरतात, तिचा वास. इतकी वर्षं ती टॉकीजचा वास म्हणून तो बाळगून होती.

"तो म्हणाला होता, गुरुवारी येतो. दुपारी, माय शिवणाचे कपडे द्यायला जाते तेव्हा. सायकल घेऊन येतो, स्टँडपर्यंत सायकलवर, मग सुरतेची गाडी." अक्का बोलत होती ती दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तशी. "तू पुलावर हटून बसलीस. मला काही सुचेना. जे मनात होतं तेच सांगितलं तुला."

"मग गुरुवारी?"

"गुरुवार कुठला. बुधवारीच मायने मला जिन्याच्या खोलीत घातलं. बाहेरून कडी."

मोहिनीचा हात ओट्यावरच राहिला. त्या बुधवारी दुपारी तिला धरणगावच्या बसमध्ये बसवून दिलं होतं, मामी आजारी आहे म्हणून. मामी आजारी नव्हती, पण मामाकडे दहा दिवस आंबे खाण्यात गेले आणि तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. परत आली तर दारात मांडव पडत होता आणि अक्का हळद लावून बसलेली. ती कुणाशी बोलत नव्हती. नवरी मुली बोलत नसतात, असं कुणीतरी म्हणालं होतं.

"मायला कळलं कसं?" मोहिनीने विचारलं, आणि विचारता विचारताच मशीनवरचा मायचा थांबलेला पाय तिला दिसला.

अक्काने पदराने ओठ पुसले. "मायने पाहिला होता तो सिनेमा. आधीच्या सोमवारी, बायकांच्या खेळाला, शेजारणींबरोबर. आपल्याला सांगितलं नव्हतं तिने. मी आतून विचारत होते, माय, मी काय केलं, कुणी काय सांगितलं. तर दाराशी तोंड आणून म्हणाली, 'शिनेमा आसा सरस नही, सरू. माले बठ्ठं माहीत शे.'"

सिनेमा असा संपत नाही, हे मायला पाहूनच ठाऊक होतं. बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. म्हणजे मी सांगितलं, मोहिनीला म्हणायचं होतं. मी सांगितलेल्या गोष्टीने. अक्कानेच ते ओळखलं. "अकरा वर्षांची होतीस," ती म्हणाली. "तुला काय कळणार होतं. आणि तो आलाही नाही. मी आठ दिवस दाराशी कान लावून होते. त्या गल्लीत सायकलची घंटी वाजली असती तर ऐकू आली असती. नाही आला."

मग मोहिनीने सांगितलं. कुठून सुरुवात करावी हे तिला माहीत नव्हतं म्हणून ती शेवटापासून सांगू लागली, दार उघडेना तिथून. एक वर्ष चार महिने. पावणेनऊ आणि साडेसहा. माय खाटेवर नव्हती, दाराशी होती. मी उचलून खाटेवर ठेवली. अक्का ऐकत होती. तिचा चेहरा हलला नाही, फक्त हाताची बोटं गुडघ्यावरच्या साडीच्या निऱ्या चिमटीत धरून सोडत होती.

"ठोठावायची का?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही. मी नसायचे."

"लताबाईंना विचारलं नाहीस?"

"नाही."

यापुढे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. मोहिनीला वाटलं की आता उठावं, पिशवी घ्यावी, चारची बस मिळेल. पण अक्का बोलली. "मी पण दाराशीच बसायचे. दाराला पाठ लावून. मे महिना होता ना. त्या खोलीला खिडकी नव्हती, आणि दाराखालच्या फटीतून वारा यायचा. तेवढाच." तिने निऱ्या सोडून दिल्या. "एप्रिलचा शेवट म्हणजे उकाडाच असणार तुझ्याकडे."

मोहिनी रडली नाही. कुणी कपाळावर गार हात ठेवावा तसं काहीतरी झालं आणि गेलं. मायच्या मनात त्या दुपारी काय होतं हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. अक्काने चहा टाकला. दोघींनी तो बशीत ओतून प्यायला, जुन्या घरात प्यायच्या तसा. मग अक्का म्हणाली, "नवा काढलाय म्हणतात तो. बघितलास?"

"बघितला. फसलाय म्हणतात लोक. मलाही नाही आवडला."

"शेवट काय करतात?"

मोहिनीने सांगितलं. आतून दार फोडते. पाट्याने. बाहेर येते आणि रस्त्याने चालायला लागते.

"कोण येतं न्यायला?"

"कुणी नाही. एकटीच चालत जाते. तसाच संपतो."

अक्का बशीतल्या चहाच्या गाळाकडे बघत राहिली. "मग फसला कसा?" ती म्हणाली. "चांगला आहे की." बशी खाली ठेवत तिने विचारलं, "धुळ्याला लागलाय का गं?" मोहिनीने मोबाईलवर पाहिलं. एकच खेळ होता, दुपारी बाराचा, गुरुवारपर्यंत. उद्या मला कामावर जायचंय, मोहिनी म्हणाली. "तुला कोण ये म्हणतंय," अक्का म्हणाली.

सोमवारी दुपारी जेवायच्या सुटीत मोहिनीने कपडे बदलायच्या खोलीतल्या कपाटातून मोबाईल काढला तेव्हा अक्काचे दोन फोन येऊन गेले होते. तिने डबा न उघडताच फोन लावला. पलीकडे रस्त्याचा आवाज होता, हॉर्न, उसाच्या एका रसवंतीची घुंगरं.

"पाहिला," अक्का म्हणाली. "आत्ता सुटला. चार माणसं होती सगळी मिळून."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. मधल्या सुटीत उठलेसुद्धा नाही." मागे एक हॉर्न वाजत गेला. "तिच्या पायात काही नव्हतं गं. लक्षात आलं का तुझ्या? एवढ्या उन्हाचं, डांबरावरून चालली होती अनवाणी. मी सारखी तिच्या पायांकडेच बघत होते."

मोहिनीच्या लक्षात आलं नव्हतं. "भीती वाटली का?" तिने विचारलं.

"भीती कसली? पोळत असेल तिला, एवढंच मनात येत होतं." अक्काच्या आवाजात दम लागल्यासारखं काहीतरी होतं. "रिक्षा आत्ता मिळायची नाही. मी जरा बसते इथे पायरीवर. सावली आहे."

"बस," मोहिनी म्हणाली.

दोघींनीही फोन ठेवला नाही. आतल्या दारातून भाविकाने डोकावून घड्याळाकडे बोट दाखवलं, मोहिनीने मान हलवली आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. कानाशी धुळ्याची दुपार होती. एक बस गेली, रसवंतीची घुंगरं थांबली आणि पुन्हा सुरू झाली, कुणीतरी अक्काला पत्ता विचारला आणि तिने तो नीट समजावून सांगितला. मग पुन्हा नुसती रहदारी, आणि मधूनमधून तिचा श्वास.